इष्ट मूल्य आणि अनुल्लंघ्य मर्यादा

भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे दुधाला पाश्चरीकृत म्हणायचे तर ते किमान ७१.५ अंश सेल्सिअस तापमानाला किमान १५ सेकंद, किंवा ६३ अंशांना अर्धा तास, राहिलेले असावे लागते. मोठ्या दूधसंघांच्या प्रकल्पांत तासाला हजारो लिटर दूध अखंड वाहत असल्यामुळे यांपैकी पहिलीच रीत सोयीची ठरते, आणि वाहत्या दुधाचा प्रत्येक थेंब ही अट पुरी करूनच पुढे जाईल याची जबाबदारी पॅनेलच्या दारावर बसवलेल्या, बहुधा ९६ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या एका चौकोनी उपकरणावर आणि त्याच्या जोडीच्या यंत्रणेवर असते. या उपकरणाला प्रोसेस कंट्रोलर किंवा प्रक्रिया-नियंत्रक म्हणतात. तापमान, दाब, पातळी किंवा प्रवाह यांसारखी एखादी राशी तो मोजून घेतो, ती किती असावी म्हणून त्याला सांगितलेल्या आकड्याशी, म्हणजे सेटपॉइंटशी, ताडून पाहतो आणि दोहोंतील फरक मिटावा अशा बेताने वाफेचा व्हॉल्व्ह, हीटर किंवा पंप कमी-जास्त करतो.

नियंत्रकात भरायच्या आकड्यांची यादी लांबलचक असली तरी तिच्यात मुळात दोन भिन्न स्वभावांचे आकडे असतात. सेटपॉइंट हे मालाचा दर्जा, इंधनाचा खर्च आणि उत्पादनाचा वेग यांचा विचार करून ठरवलेले इष्ट मूल्य असते. नियंत्रकाने सतत त्याच्याकडे ओढ घ्यावी अशी अपेक्षा असते आणि माल बदलला की ते बदलतेही. सुरक्षेची मर्यादा याच्या उलट स्वभावाची असते, कारण ती पदार्थाच्या, पात्राच्या किंवा माणसाच्या सहनशक्तीवरून ठरलेली असते आणि उत्पादनाच्या निकडीशी तिचा काही संबंध नसतो. हे दोन आकडे एकाच पडद्यावर, एकाच पद्धतीने, तीच बटणे दाबून भरता येतात, आणि यातूनच एक घातक गैरसमज जन्माला येतो की दोन्ही एकाच जातीचे आहेत व दोन्ही एकाच उपकरणाच्या हवाली करता येतात.

पाश्चरायझरची रचना पाहिली तर हा फरक प्रत्यक्ष नळ्यांच्या मांडणीतच दिसतो. कच्चे दूध बॅलन्स टँकमधून निघून पातळ पत्र्यांच्या थरांनी बनलेल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये येते, तेथे आधी तापवलेल्या दुधाची उष्णता घेऊन कोमट होते, मग गरम पाण्याच्या विभागात अपेक्षित तापमानाला पोहोचते आणि त्यानंतर होल्डिंग ट्यूब नावाच्या लांब नळीतून जाते. या नळीची लांबी व व्यास आणि पंपाचा वेग यांचा मेळ असा घातलेला असतो की सर्वांत वेगाने जाणाऱ्या दुधालाही नळी ओलांडायला १५ सेकंद लागावेत. नळीच्या शेवटी फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह, म्हणजे प्रवाह वळवणारा व्हॉल्व्ह, असतो. तेथवर आलेले दूध पुरेसे गरम असेल तर तो ते पुढे थंड होण्यासाठी सोडतो, नसेल तर परत बॅलन्स टँककडे वळवतो.

तापमान राखणाऱ्या नियंत्रकाचा सेन्सर नळीच्या आरंभी, गरम विभागाच्या तोंडाशी असणे श्रेयस्कर असते, कारण तो नळीच्या शेवटी बसवला तर वाफेच्या व्हॉल्व्हमध्ये केलेल्या बदलाचा परिणाम किमान १५ सेकंद उशिरा कळेल आणि अशा विलंबाने मिळणाऱ्या माहितीवर चालणारा नियंत्रक वर-खाली झोके घेत राहील. प्रवाह वळवण्याचा निर्णय ज्याच्यावर अवलंबून आहे तो सेन्सर मात्र नळीच्या शेवटीच हवा, कारण संपूर्ण १५ सेकंदांनंतर दुधाचे तापमान काय उरले हाच कायद्याचा प्रश्न आहे. नियंत्रणाला बातमी लवकर हवी असते आणि संरक्षणाला ती अखेरची हवी असते. म्हणूनच दोन्ही कामांसाठी दोन सेन्सर लागतात, आणि एका सेन्सरमध्ये भागवण्याची काटकसर करणाऱ्याला या दोहोंपैकी एका कामाशी तडजोड करावी लागते.

अशा प्रकल्पात सेटपॉइंट ७१.५ अंश ठेवून चालत नाही. तापमान मोजण्यासाठी बहुधा पीटी-१०० नावाचा, प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजणारा सेन्सर वापरतात. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याच्या ‘ब’ वर्गाला ७५ अंशांच्या आसपास सुमारे ०.७ अंशाची आणि ‘अ’ वर्गाला सुमारे ०.३ अंशाची चूक माफ असते. त्यात नियंत्रकाची स्वतःची चूक, नळीत दूध किंचित थंड होणे आणि नियंत्रणातील चढउतार मिळवले, तर कायद्याची किमान मर्यादा, तिच्यावर प्रवाह वळवण्याचे तापमान आणि त्याच्याही वर सेटपॉइंट अशा चढत्या पायऱ्या आपोआप तयार होतात. समजा, प्रवाह ७२.५ अंशांना वळवायचा ठरवला, तर सेटपॉइंट ७५ च्या जवळपास येतो. त्याहून बराच वर नेला तर दुधाला शिजल्याची चव येते, पत्र्यांवर साका बसतो आणि वाफ वाया जाते, म्हणजे वरूनही एक मर्यादा खाली येत असते. सेटपॉइंटला अशा रीतीने दोन मर्यादांच्या मधली जागा मिळते, आणि ही जागा किती रुंद आहे हे सेन्सरच्या अचूकतेवर आणि नियंत्रणाच्या स्थैर्यावर ठरते. चांगला सेन्सर आणि नीट जुळवलेला नियंत्रक यांमुळे सेटपॉइंट मर्यादेच्या अधिक जवळ ठेवता येतो. मोजमाप ढिसाळ असेल तर त्याची भरपाई वाफेच्या बिलातून करावी लागते.

प्रवाह वळवणाऱ्या व्हॉल्व्हची आणखी दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. त्याच्या स्प्रिंगचा जोर त्याला परतीच्या बाजूकडे ढकलत असतो आणि दूध पुढे सोडण्यासाठी दाबाची हवा द्यावी लागते, त्यामुळे हवा गेली, वीज गेली किंवा तार तुटली तरी दूध मागे फिरते. उपकरण बिघडले असता यंत्रणा सुरक्षित बाजूला कोसळावी या तत्त्वाला फेल-सेफ म्हणतात. दुसरे असे की दूध पुढे सोडण्याचे तापमान ते मागे वळवण्याच्या तापमानापेक्षा थोडे अधिक ठेवलेले असते. दोन्ही सारखेच ठेवले तर तापमान त्या रेषेवर घुटमळत असताना व्हॉल्व्ह क्षणाक्षणाला इकडेतिकडे होत राहील. या अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात. तापमानाइतकाच वेळही येथे मर्यादेचा भाग असल्यामुळे पंपाचा कमाल वेगसुद्धा कुलूपबंद असावा लागतो, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते: उत्पादन वाढवण्यासाठी पंपाचा वेग वाढवला तर पडद्यावरचे तापमान अचूक राहूनही १५ सेकंदांचे १३ होऊ शकतात, आणि ते दाखवणारा आकडा तापमान-नियंत्रकावर कोठेच नसतो.

आता नियंत्रकाच्या आतील मांडणीकडे वळता येईल. सेटपॉइंट आणि मर्यादा यांच्याही आधी जे भरावे लागते त्याला कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि तेथील चूक पुढच्या सर्व आकड्यांना खोटे पाडते. पहिला प्रश्न सेन्सरच्या प्रकाराचा असतो. भट्ट्यांमध्ये दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून केलेले थर्मोकपल वापरतात. तापमानानुसार त्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. ‘के’ प्रकारचे थर्मोकपल ८०० अंशांना सुमारे ३३.३ मिलिव्होल्ट देते, तर ‘जे’ प्रकारच्या थर्मोकपलमध्ये जवळपास तेवढाच दाब ६०० अंशांनाच तयार होतो. भट्टीत ‘के’ बसवले आणि नियंत्रकाला ‘जे’ सांगितले, तर ८०० अंशांची भट्टी पडद्यावर ६०० च्या आसपास दिसेल आणि नियंत्रक निःशंकपणे आणखी तापवत राहील. थर्मोकपलच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर परिणाम याहून वाईट होतो, कारण भट्टी तापत जाईल तसा दाखवलेला आकडा खाली येतो आणि हीटर पूर्ण क्षमतेने चालूच राहतो.

दाब, पातळी आणि प्रवाह मोजणारे ट्रान्समीटर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युतप्रवाह पाठवतात. शून्य मोजमापासाठीही ४ मिलिअँपिअर पाठवण्यामागे हेतू असा की तार तुटल्यावर मिळणारा शून्य प्रवाह आणि खरोखरचे शून्य मोजमाप यांत गल्लत होऊ नये. परंतु ४ म्हणजे किती आणि २० म्हणजे किती हे नियंत्रकाला वेगळे सांगावे लागते. भारतातील अनेक लहान बॉयलर १०.५४ किलो प्रतिचौरस सेंटिमीटर दाबासाठी बांधलेले असतात. अशा बॉयलरवर ० ते १६ किलो मोजणारा ट्रान्समीटर आहे, पण नियंत्रकात ० ते १० अशी श्रेणी भरली गेली आहे असे समजू. नियंत्रकावर सेटपॉइंट ८ किलो आहे आणि दाब बरोबर ८ दिसतो आहे. प्रत्यक्षात मात्र बॉयलरमध्ये १२.८ किलो दाब व्हायला हवा तेव्हाच हा ८ दिसेल. याच नियंत्रकात ९.५ किलोला अतिदाबाची सूचना लावलेली असली तर ती प्रत्यक्ष १५.२ किलोला वाजेल. म्हणजे ज्या चुकीने सेटपॉइंट बिघडवला त्याच चुकीने त्याच्यावर पहारा ठेवणारी सूचनाही तेवढीच बिघडवली. सुदैवाने बॉयलरवर नियंत्रकाशी काहीही संबंध नसलेला प्रेशर स्विच असतो आणि त्याच्याही पलीकडे, वीज किंवा आकडे यांची गरज नसलेला, केवळ स्प्रिंगवर चालणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. बॉयलरविषयीचा १९२३ चा कायदा आणि त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा यांच्या दीर्घ परंपरेत सेफ्टी व्हॉल्व्हला मिळालेले स्थान अशा प्रसंगांच्या अनुभवातूनच आलेले आहे.

यानंतर क्रियेची दिशा ठरवावी लागते. तापवण्याच्या कामात मोजलेले मूल्य वाढले की नियंत्रकाने आपले आउटपुट घटवायचे असते, याला उलट क्रिया म्हणतात. थंड करण्याच्या कामात मूल्य वाढले की आउटपुट वाढवायचे असते, ही सरळ क्रिया होय. त्याला जोडूनच सेन्सर तुटल्यास नियंत्रकाने काय समजायचे हेही सांगावे लागते. तापवणाऱ्या यंत्रणेत तुटलेल्या सेन्सरचा अर्थ ‘अतिशय गरम’ असा घ्यायला लावावा, म्हणजे उष्णता बंद होते; मात्र जॅकेटमधून थंड पाणी फिरवून रासायनिक क्रिया आवरायची असेल, तर सेन्सर तुटल्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला पाहिजे. वाफेचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर मिटणारा आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर उघडणारा निवडतात, तो याच विचाराने. कारखान्यातून आलेल्या मूळ मांडणीत या नोंदी काही तरी भरलेल्या असतातच, त्यामुळे त्या कोणी जाणीवपूर्वक ठरवल्या आहेत की तशाच राहून गेल्या आहेत, हे नुसते उपकरण पाहून कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर तिचे कारण कागदावर असणे हाच एक उपाय राहतो.

नियंत्रकाच्या गणिताबद्दल थोडक्यात सांगता येईल. जन्माने रशियन असलेले अमेरिकी अभियंता निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचे विश्लेषण करताना ज्या तीन घटकांचा विचार मांडला, तेच आजच्या पीआयडी नियंत्रणाचे घटक आहेत: सध्याचा फरक किती, तो किती काळ साचत आला आहे आणि तो किती वेगाने बदलतो आहे. या तिघांचे प्रमाण ठरवण्याची व्यवहार्य रीत झीगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिली. सुरक्षेच्या दृष्टीने यांतील साचलेल्या फरकाचा घटक सर्वांत जपण्यासारखा असतो. वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद असताना नियंत्रक चालू राहिला तर दूध किंवा पाणी थंडच राहते, फरक साचत जातो, नियंत्रक आपले आउटपुट शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतो, आणि नंतर वाफ सोडल्याबरोबर तापमान सेटपॉइंट ओलांडून बरेच वर जाते. याला रोखण्यासाठी साचवणुकीला आळा घालणारी सोय चालू ठेवणे, सेटपॉइंट एकदम न चढवता मिनिटाला ठरावीक अंश असा चढवणे आणि आउटपुटला कमाल मर्यादा घालणे हे तिन्ही उपाय वापरतात. आपोआप जुळवणी करणारी ऑटोट्यून नावाची सोयही विचार करूनच वापरावी लागते, कारण तिच्यात नियंत्रक प्रक्रियेला मुद्दाम झोके देऊन तिचा स्वभाव पाहतो. पाण्याच्या टाकीला ते मानवते, उष्णता बाहेर टाकणाऱ्या रासायनिक क्रियेला मानवेलच असे नाही.

सेटपॉइंटलाही स्वतःच्या मर्यादा असतात आणि त्या भरण्याचा कंटाळा केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. जवळपास प्रत्येक नियंत्रकात सेटपॉइंट किती खाली आणि किती वर नेता येईल हे आखून देण्याची जागा असते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ओल्ड्समार गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात ५ फेब्रुवारी २०२१ रोजी पाण्यातील सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा, सेटपॉइंट दहा लाखांत १०० भागांवरून ११,१०० भागांवर नेला गेला. ऑपरेटरने ते लगेच पाहून मूळ आकडा परत भरल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. हे बाहेरच्या घुसखोराचे काम होते की आतल्याच कोणाची चूक, यावर पुढे मतभेद झाले, परंतु सुरक्षेच्या दृष्टीने त्या वादाचा निकाल काहीही लागला तरी प्रश्न तोच उरतो: ज्या यंत्रणेला १०० च्या आसपासच काम करायचे आहे तिने त्याच्या शंभरपटीहून मोठा आकडा स्वीकारलाच का? जास्तीत जास्त मात्रा यंत्रणेतच आखून दिलेली असती आणि रसायनाचा पंपही तेवढेच देऊ शकेल इतक्या क्षमतेचा निवडला असता, तर वाईट हेतू आणि चुकलेले बोट या दोहोंनाही एकाच उपायाने अडवता आले असते.

आकडे बदलण्याचा अधिकार नियंत्रकात पायरीपायरीने दिलेला असतो. ऑपरेटरला आखून दिलेल्या कक्षेत सेटपॉइंट बदलता येतो, पर्यवेक्षकाला सूचनांच्या पातळ्या, आणि कॉन्फिगरेशन फक्त इन्स्ट्रुमेंट विभागातील नेमलेल्या व्यक्तीला. या पायऱ्यांचा सांकेतिक क्रमांक उपकरणाच्या छापील पुस्तिकेत दिलेला मूळचाच ठेवला, किंवा पॅनेलच्या आत चिकटपट्टीवर लिहिला, तर त्या पायऱ्या केवळ नावापुरत्या राहतात. सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात २०१७ मध्ये ट्रायटन नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या घातक संगणकीय आज्ञावलीने थेट सुरक्षा-नियंत्रकांवरच हल्ला केला. त्या नियंत्रकांवर आज्ञावली बदलू देणारी व न देणारी अशी प्रत्यक्ष किल्ली होती, पण ती बदलू देणाऱ्या स्थितीतच ठेवलेली होती. किल्ली फिरवून काढून घेणे हा या हल्ल्याविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय होता.

मर्यादेपर्यंत पोहोचण्याआधी माणसाला सावध करण्यासाठी अलार्म असतात. ठरावीक मूल्याच्या वर किंवा खाली गेल्यावर वाजणारा, सेटपॉइंटपासून ठरावीक अंतर पडल्यावर वाजणारा, कारण नाहीसे झाले तरी कोणी येऊन मान्य करीपर्यंत टिकून राहणारा असे त्याचे प्रकार आहेत. अलार्मचा रिले नेहमी विद्युतभारित ठेवून सूचनेच्या वेळी सुटेल अशी जोडणी करतात, म्हणजे तार तुटली तरी सूचनाच मिळते. परंतु अलार्म कोठे लावायचा हे ठरवताना विचारायचा प्रश्न असा की तो वाजल्यावर माणसाने नेमके काय करायचे आहे आणि ते करायला त्याला वेळ उरतो का. ज्याला उत्तरादाखल काही कृती नाही तो अलार्म केवळ गोंगाट वाढवतो. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यांतील कोणता महत्त्वाचा हे ठरवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने नेहमीच्या कामकाजात सरासरी दहा मिनिटांत एकाहून अधिक अलार्म येऊ नये असा दंडक सुचवला, तो या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर.

वेळेचा हा मुद्दा रासायनिक कारखान्यांत सर्वांत तीव्र होतो. महाराष्ट्रात तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत औषधे, रंग आणि त्यांना लागणारी मध्यवर्ती रसायने जॅकेटच्या रिॲक्टरमध्ये घाण्याघाण्याने तयार होतात. उष्णता बाहेर टाकणाऱ्या क्रियेचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो, तर जॅकेटमधील पाणी जी उष्णता काढून नेते ती केवळ तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. एका विशिष्ट तापमानानंतर तयार होणारी उष्णता काढून नेल्या जाणाऱ्या उष्णतेला कायमची मागे टाकते आणि मग क्रिया हाताबाहेर जाते. म्हणून अशा रिॲक्टरची मर्यादा ठरवताना उलट दिशेने हिशेब करतात: परतीची वाट जेथे बंद होते ते तापमान आधी प्रयोगशाळेतील चाचणीने शोधायचे, त्यातून थंड पाणी पूर्ण उघडल्यावर किंवा क्रिया मारणारे द्रव्य सोडल्यावर परिणाम दिसेपर्यंत जेवढे अंश वाढतील तेवढे वजा करायचे, तेथे स्वयंचलित बंदी, म्हणजे ट्रिप, ठेवायची, आणि माणसाला विचार करून हालचाल करायला निदान दहा मिनिटे मिळतील इतका अलार्म त्याच्याही खाली आणायचा. सेटपॉइंटला जी जागा उरते ती या सर्वांच्या खाली. ती जागा अपुरी वाटली तर कच्चा माल सावकाश सोडणे किंवा शीतकरण वाढवणे हे मार्ग असतात. ट्रिप वर सरकवणे हा मार्ग नसतो, कारण परतीची वाट बंद होण्याचे तापमान त्यामुळे तसूभरही हलत नाही.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले त्यात पुष्कळ कारणे गुंतलेली होती, परंतु त्यांतील एक थेट या विषयातले आहे. मिथिल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवण्यासाठी बसवलेली शीतयंत्रणा काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. द्रव थंड असेल हे गृहीत धरून तापमानाच्या सूचनेची पातळी आखलेली असते; थंड ठेवणेच थांबवले की टाकीचे रोजचे तापमान त्या पातळीच्या वर जाते आणि खरी वाढ ओळखण्याचे साधन हातचे निघून जाते. मर्यादा ज्या गृहीतकावर उभी आहे ते गृहीतक बदलले असता मर्यादेचा नव्याने विचार करावाच लागतो, आणि तो विचार होईपर्यंत काम थांबवावे लागते.

टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ माणसे मेली आणि १८० जखमी झाली. सुमारे १७० फूट उंचीच्या मनोऱ्यात द्रवाची पातळी मोजणारा ट्रान्समीटर तळच्या काही फुटांपुरताच होता. पातळी त्याच्या कक्षेबाहेर चढत जाऊन सुमारे १५८ फुटांपर्यंत पोहोचली, तेव्हा नियंत्रण कक्षात मात्र ती हळूहळू उतरत असल्याचे दिसत होते, आणि अतिपातळीची वेगळी सूचना देणारा स्विच वाजलाच नाही. मनोरा चालू करताना पातळी ठरवून दिलेल्यापेक्षा वर ठेवण्याची सवय तेथे पडून गेली होती. सेटपॉइंट कागदावर एक आणि व्यवहारात दुसरा असणे हे त्या अपघाताच्या मुळाशी होते.

अशा अनुभवांतून आंतरराष्ट्रीय मानकांनी ठाम भूमिका घेतली की रोजचे नियंत्रण आणि सुरक्षेची बंदी यांसाठी सेन्सर, तर्क करणारे उपकरण आणि बंद होणारा व्हॉल्व्ह ही तिन्ही वेगळी असावीत. प्रक्रिया-उद्योगांसाठीचे आयईसी ६१५११ हे मानक २००३ मध्ये आले. त्यात सुरक्षा-यंत्रणेच्या विश्वासार्हतेच्या चढत्या पातळ्या सांगितल्या आहेत: पहिल्या पातळीत गरज पडेल तेव्हा यंत्रणा निकामी ठरण्याची शक्यता दहांत एक ते शंभरांत एक, दुसरीत शंभरांत एक ते हजारांत एक, आणि तिसरीत त्याच्याही दसपट कमी. नेहमीचा नियंत्रक कितीही चांगला असला तरी या पातळ्यांत गणला जात नाही. मात्र या शक्यता उपकरण विकत घेतल्याने मिळत नाहीत. ठरावीक मुदतीने केलेल्या चाचणीवर त्या अवलंबून असतात, कारण सुरक्षेची यंत्रणा एरवी कधीच हलत नसल्यामुळे तिच्यातील बिघाड चाचणीशिवाय उघडकीस येत नाही.

इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्यात ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरले जात होते. पहाटे तीनच्या सुमारास पातळी दाखवणारे मापक सुमारे दोन-तृतीयांशावर अडकले, आणि भरण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांना लावलेले सगळे अलार्म त्याच मापकावर असल्यामुळे एकही वाजला नाही. तीन महिन्यांत ते मापक चौदा वेळा अडकले होते. शेवटचा आधार म्हणून बसवलेला स्वतंत्र अतिपातळी स्विच टाकीवर होता, परंतु चाचणीसाठी हलवायचा त्याचा दांडा काम करण्याच्या स्थितीत टिकवायला एक कुलूप लावावे लागे, ते लावलेले नव्हते. कुलूप केवळ छेडछाड रोखण्यासाठी आहे अशी समजूत झालेली होती. पेट्रोल उतू गेले, त्याची वाफ परिसरात पसरली आणि ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट असल्यामुळे जीवितहानी टळली, तरी ४३ जण जखमी झाले.

म्हणून मर्यादेच्या चाचणीत संपूर्ण साखळी तपासतात: नियंत्रकाला कृत्रिम विद्युतसंकेत देऊन रिले सुटतो एवढे पाहिले तर सेन्सर आणि व्हॉल्व्ह न तपासलेलेच राहतात, त्यामुळे शक्य असेल तेथे सेन्सर प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानाच्या पाण्यात बुडवून व्हॉल्व्ह खरोखर फिरतो का आणि किती सेकंदांत फिरतो हे नोंदवतात. चाचणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी एखादा इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेच्या बंदीची स्वयंचलित जोडणी, बायपास करावा लागला, तर त्याची वहीत नोंद, परवानगी देणाऱ्याची सही, तेवढ्या वेळात कोणी प्रत्यक्ष उभे राहून काय पाहायचे याचा उल्लेख आणि बायपास संपण्याची वेळ या चारही गोष्टी पाळी बदलण्याआधी लिहिल्या जाव्या लागतात. आणि काम संपल्यावर जोडणी, किल्ली, दांडा व कुलूप पूर्ववत झाले की नाही हे चाचणी करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने टाकीपाशी जाऊन पाहायचे असते.